पंपघरातली झाडलोट

मित्रांनो, मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला एक जुना संगणक आहे. ही हकिगत १९९१ सालची. टाकी भरत आली की पंप बंद करायचा, हे माझं काम. माझी मेमरी तोकडी, म्हणून वापरून झालेल्या नोंदी वेळच्या वेळी फेकाव्या लागत.

माझा प्रोग्राम एका ताईने लिहिला होता. प्रत्येक नोंद किती ठिकाणी लागते ते मोजत राहायचं आणि आकडा शून्य झाला की ती लगेच फेकायची, ही तिची रीत. काम कधी थांबत नसे. पण दोन नोंदी एकमेकींना धरून बसल्या, की बाकी कुणाला नको असूनही त्यांचा आकडा शून्यावर येत नसे. तसला कचरा साठून आठवड्याभरात माझा जीव गुदमरे.

तिचा धाकटा भाऊही तिथेच नोकरीला होता. तो म्हणाला, "ताई, मोजत काय बसतेस? चालू कामाच्या नोंदींपासून निघायचं, एकीवरून दुसरीकडे जात पोचता येईल तेवढं ठेवायचं, उरलेलं केरात."

"आणि तेवढा वेळ पंपाकडे कोण बघणार? तुझा सासरा?"

"मिनिटभराचा तर प्रश्न आहे."

"अरे, तू लागणारं शोधतोस, मी न लागणारं. काम एकच. रोज माझी रीत चालू दे, पंप बंद असताना तुझी."

पंपघराच्या साहेबांना दोन रिती नको होत्या. ताई रजेवर असताना भावाने तिची मोजणी काढून टाकली आणि फक्त आपली झाडलोट ठेवली. मग सगळाच केर साठत गेला. भर दुपारी झाडलोट सुरू झाली ती मिनिटात संपेना, आणि तोवर पंप बंद करायला मी मोकळा नव्हतो. टाकी वाहिली, खालच्या घरांत पाणी शिरलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "हा प्रोग्राम कुणाचा?" भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझा." बदल कुणी, कोणत्या दिवशी केला, ते माझ्यात लिहिलेलं होतं. कुणी उघडून पाहिलं नाही.

ताईची नोकरी गेली. डोळे अधू होईपर्यंत ती एका दुकानात अर्ज टाइप करत होती. साहेब बदली होऊन गेले. भावाने वर्षभरात दोन्ही रिती जोडल्या, अगदी ताई म्हणाली होती तशा, आणि बढती मिळवली. मला अडगळीत टाकलं. निवृत्तीनंतर भाऊ तिच्याकडे गेला होता, असं पंपचालक सांगत होता. तिने चहा दिला, त्या दिवसाचा विषय मात्र काढू दिला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासाठी घरच्या माणसाने दोष आपल्या अंगावर घेतला, तर तुम्ही तिथल्या तिथे बोला.