बारदान वजा

“निव्वळ?” बाबनरावांनी विचारलं. “निव्वळ असं लिहिलं हाय का जी त्यात?”

सरकारी वकिलांनी कागदावरून मान वर केली. कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर ते दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. साक्षीआधी आठवण ताजी व्हावी म्हणून वकील दोन वर्षांपूर्वीचा पंचनामा वाचून दाखवत होते.

“हो. ‘दोन पोत्यांत मिळून गांजा, निव्वळ वजन वीस किलो सहाशे चाळीस ग्रॅम.’ खाली तुमची सही. तुमचीच ना?”

सही त्यांचीच होती. पोट फुगलेला ‘ब’ दुसऱ्या कोणाला जमत नव्हता.

“पन साहेब, पोतं धरून होतं ते. बारदान वजा झालंच नाही.”

“काका, हळू बोला,” वकील म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढला.

बाबनराव इतवारीच्या धान्यबाजारात तीस वर्षं मापारी. बाप कोष्टी, मागावर लुगडी विणणारा. माग विकला गेला तेव्हा पोरानं काटा धरला. बापाला सुताचा नंबर डोळे मिटून कळायचा, पोराला पोत्याचं वजन उचलताच कळू लागलं. बाजाराची रीत जुनी. मापाऱ्यानं काट्यावर दिसेल ते हाकारायचं, पोत्यासकट. पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं ते लिहिणाऱ्यानं. हाक एकाची, वजाबाकी दुसऱ्याची. दोघांनी एकमेकांच्या कामात तोंड घालायचं नाही. तीस वर्षांत ही रीत कधी चुकली नव्हती, कारण लिहिणारा नेहमी बाजाराचाच असायचा.

त्या एप्रिलच्या दुपारी मात्र लिहिणारा हवालदार होता. “काका, काटा उचला, सरकारी काम हाय,” म्हणून पोलिसांनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि रिंग रोडच्या कडेला एका टेम्पोपाशी उतरवलं. ऊन असं, की काट्याचं ताट हाताला चटका देत होतं. टेम्पोचा ड्रायव्हर, प्रीतम नावाचा विशी-बाविशीचा पोरगा, बेड्या घालून चाकाला टेकून बसवला होता. पहिलं पोतं काट्यावर आलं आणि बाबनरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “लाभ!” धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. पोलीस खदखदून हसले. बाबनरावांनी जीभ चावली. मग मान खाली घालून त्यांनी हाकारलं, “दहा, दोनशे ऐंशी.” आणि दुसरं, “दहा, तीनशे साठ.” हवालदारानं बेरीज केली. बोट ठेवलं तिथं बाबनरावांनी सही केली आणि पाणी मागितलं.

वजाबाकी राहिली आहे हे कळायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

“इतकं काय बिघडते साहेब हजार-बाराशे ग्रॅमनं?”

वकिलांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “सगळंच बिघडतं. गांजा एक किलोपर्यंत सापडला तर थोडा माल, फार तर वर्षभराची शिक्षा. एक ते वीसच्या मध्ये असला तर दहा वर्षांपर्यंत, पण ते न्यायाधीशांच्या हातात. दोनही देतील, पाचही देतील. आणि वीसच्या वर गेला की तो धंद्याचा माल. मग न्यायाधीशांचाही हात बांधलेला. दहा वर्षांच्या खाली येताच येत नाही, वीसपर्यंत जाता येतं. लाखाचा दंड वेगळा. म्हणून तर प्रीतम दोन वर्षं जामिनाशिवाय आत आहे.”

 आयुष्यभर बाबनरावांनी तूर तोलली, हरभरा तोलला, जवस तोललं. कायद्याच्याही पोटात एक काटा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिल्लीत कुठंतरी माणसं बसली असतील, त्यांनी विचार करून एक रेघ मारली असेल, आणि आत गेलेला माणूस काळ्या केसांनी सुटतो की पांढऱ्या, ते त्या रेघेच्या अलीकडं-पलीकडं ठरत होतं. ज्यूटचं पोतं सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. दोन पोत्यांचे बाराशे. विसाच्या रेघेवरून माल खाली घसरत होता.

“नंतर मॅजिस्ट्रेटसमोर मोजला तेव्हा अठरा किलोच भरला,” वकील म्हणाले. “आम्ही म्हणतो, पाच महिन्यांत वाळला. वाळतोच ना?”

“वाळते जी. तूरबी वाळते.”

“मग झालं. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. वजन केलं का? केलं. सही तुमची का? माझी. पोत्याचं कोणी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर…” त्यांनी फाइल बांधली आणि ते आत गेले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाबनरावांची बायको चंद्रकला बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्याच बाजारात ती धान्य निवडायला जायची. आज सुपाला सुट्टी देऊन ती आली होती ती एका गांजावाल्याला शिक्षा होताना बघायला.

“बारदान घेऊन काय बसले जी?” ती म्हणाली. “तो काय हळद घेऊन जाऊन राहिला होता?”

“तसं नाही वं…”

“कसं नाही? एक घर सांगा मले त्या पोत्यानं सुखी केलेलं. वीस वर्षं पडू द्या त्याले. कमीच हाय.”

 तिच्या बोलण्यामागे पंकज होता, हे बाबनरावांना सांगावं लागत नव्हतं. त्यांचा एकुलता एक. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका चहाच्या टपरीमागं त्याच्या तोंडाला गांजा लागला. मागल्या वर्षी पोलिसांनी धरला तेव्हा खिशात अकरा ग्रॅम होता. त्याच कायद्यात लिहिलेलं होतं म्हणे, की थोडक्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून मोकळं करता येतं. तसा तो सुटला. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा राहून आला. आता घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा; सदरा खुंटीवर टांगावा तसा त्याच्या खांद्यावर टांगलेला. सूप पाखडता पाखडता चंद्रकला हल्ली मनाशीच काही गुणगुणायची. घरच्या जात्याबरोबर गेलेल्या ओव्या तिच्या ओठांवर आपोआप नव्या होऊन यायच्या:

*नऊ महिने वाहिलं, ओझं वाटलं नाही बाई,*
*रिता झाला माहा लेक, आता उचलवत नाही.*

ही ओवी बाबनरावांनी एकदाच ऐकली होती. त्या दिवशी बाजारात त्यांनी हाकारलेला एक आकडा चुकला होता.

“बाबनराव हाजीर हो…” शिपायानं पुकारा केला.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी ईश्वरसाक्ष शपथ घेतली. न्यायाधीश एक बाई होत्या, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. मागच्या कठड्याशी शिपायाच्या शेजारी प्रीतम उभा होता. दोन वर्षांत पोरगा आणखी वाळला होता. गळ्याची हाडं सदऱ्यातून वर आली होती. पंकजची येतात तशीच. ह्यानंच पंकजला दिला असेल असं काही नव्हतं. पण कोणीतरी दिलाच होता, आणि तो कुठल्यातरी टेम्पोतूनच आला होता.

सरकारी वकिलांनी विचारलं, वजन केलं का. केलं. किती भरलं. पोत्यांचे दोन आकडे बाबनरावांनी सांगितले, जसे हाकारले होते तसे. सही तुमची का. माझी.

मग आरोपीचा वकील उठला. सरकारनं फुकट दिलेला, तरुण, हातात दुसऱ्याच खटल्याचे कागद. “तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून सही केली, जागेवर गेलाच नव्हतात, असं माझं म्हणणं आहे.”

“खोटं हाय जी. गेलो होतो. चटका बसला होता हाताले.”

“आणखी काही नाही,” म्हणून तो खाली बसला.

“जा तुम्ही,” न्यायाधीश म्हणाल्या. टंकलेखकानं कागद बाहेर काढला. पुढच्या खटल्याची फाइल उघडली गेली.

पोत्याचं कोणी विचारलं नव्हतं. पिंजऱ्याच्या तीन पायऱ्या उतरायच्या, चंद्रकलेला घेऊन बस पकडायची. खोटं कशाला बोला, वीस वर्षं त्यांनाही हवी होती. पंकजला केंद्रात पलंगाला बांधलं होतं त्या दिवशी, तो विकणारा हाती लागता तर त्यांनी स्वतःच्या हातानं त्याचा गळा आवळला असता. पण हा आकडा हवालदाराचा नव्हता, वकिलाचा नव्हता, कायद्याचाही नव्हता. तो त्यांच्या तोंडातून निघाला होता, आणि अर्धाच निघाला होता. त्या अर्ध्या हाकेवर एक माणूस दोन वर्षं बसलेला होता. माझी हाक इतक्या लांब जाते? बाबनरावांना वाटलं. बाजारात ती चार दुकानांपलीकडे ऐकू जात नव्हती.

त्यांचा हात कठड्यावरून निघेना.

“काय झालं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“बारदान राहिलं, मॅडम.”

“काय राहिलं?”

“पोत्याचं वजन. मी पोत्यासकट हाकारलं. आमच्यात तशीच रीत हाय. वजा लिहिनारा करते. त्या दिवशी लिहिनारा बाजारचा नव्हता, अन् माह्या ध्यानात आलं नाही.”

सरकारी वकिलांनी डोळे मिटले. आरोपीचा वकील झोपेतून उठल्यासारखा ताडकन उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच बसवलं.

“इतका वेळ का नाही सांगितलं?”

“आजच समजलं जी. बाहेर वाचून दाखवलं तवा.”

“तुम्हाला आरोपीकडचं कोणी भेटलं?”

“नाही मॅडम. अन् मले भेटून कोनी काय देनार? माहा पोरगा ह्याच पायी घरी बसून हाय.”

 न्यायाधीश त्यांच्याकडे बघत होत्या, आणि बाबनरावांना वाटलं, ह्या बाईंच्या हातातही रोज एक काटा असतो. रात्री त्यांना झोप कशी येत असेल?

दुपारनंतर मुद्देमालाच्या खोलीतून ती दोन रिकामी पोती आली. लाखेची मोहोर फोडली, वर्णन ताडून पाहिलं. काटाही तिथलाच आला. बाबनरावांनी तो टेबलावर ठेवला, चारही पाय टेकले का ते दाबून पाहिलं, शून्य दिसेपर्यंत थांबले. मग पोती घडी करून ताटात ठेवली. पंख्याचा वारा लागून आकडा थरथरत होता. “पंखा बंद करा,” न्यायाधीश म्हणाल्या.

पंखा मंद होत होत थांबला. टंकलेखक, शिपाई, दोन्ही वकील, मागं खटल्यांची वाट बघणारी पाचपन्नास माणसं, सगळी त्या दोन रिकाम्या पोत्यांकडे बघत होती. तीस वर्षांत बाबनरावांनी डोंगराएवढं धान्य तोललं होतं; अशी शांतता कधी ऐकली नव्हती. न्यायाधीश खुर्चीतून उठून पुढं वाकल्या. प्रीतम मात्र बघत नव्हता. त्यानं तोंड कोपऱ्याकडे फिरवलं होतं.

“एक किलो, एकशे नव्वद,” बाबनरावांनी हाकारलं, बाजारात हाकारतात तसं, आणि स्वतःच्याच आवाजानं ते दचकले.

“वजा करा,” न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाल्या. “एकोणीस किलो चारशे पन्नास.”

निकाल अजून लांब होता. आणखी साक्षी व्हायच्या होत्या, वाद व्हायचे होते. बाबनराव बाहेर आले तेव्हा सरकारी वकील त्यांच्या जवळून गेले, थांबले, खांद्याला हात लावून पुढं गेले.

चंद्रकला दारातूनच सगळं ऐकून बाकावर येऊन बसली होती.

“सांगून आले,” ती म्हणाली.

“हो.”

“पंकजचं कोन वजा करून देईन मले?”

 बाबनराव तिच्या शेजारी बसले. ती थोडी सरकली, पदर सावरून पाठ फिरवून बसली. तिचे खांदे हलत नव्हते. हलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक म्हातारी बाई भिंतीचा आधार घेत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात घामानं मऊ झालेली चिठ्ठी.

“भाऊ, वाचता येते का जी? वकिलानं देल्ली अन् पळालाच तो. माह्या प्रीतमची तारीख हाय म्हने त्यात.”

बाबनरावांचा हात पुढं झाला आणि तिथंच राहिला. चंद्रकलेनं मान वळवली. ती त्या बाईकडे बघत राहिली. तिच्या टाचांच्या भेगांकडे, काखेतल्या पिशवीकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या, पोराला देऊ न दिलेल्या डब्याकडे.

“आज आत काय झालं कोनी सांगत नाही,” बाई म्हणाली. “पंखा बंद केला होता म्हने. काही वाईट असते का ते?”

“नाही,” बाबनराव कसेबसे म्हणाले. “वाईट नसते.”

चंद्रकलेनं त्यांच्या बोटांखालून चिठ्ठी काढून घेतली. सातवी शिकलेली होती ती. अक्षरं तिनं उजेडाकडे धरली.

“सव्वीस तारीख, गुरुवार,” ती म्हणाली.

“सव्वीस…”

“गुरुवार. दत्ताचा वार. इथंच, तिसऱ्या माळ्यावर. म्हना.”

“सव्वीस, गुरुवार.”

“तिसरा माळा.”

“तिसरा माळा.”

“अजून एक डाव म्हना माय,” चंद्रकला म्हणाली, आणि तिनं सरकून बाकावर त्या बाईला जागा केली.