सल असेल

ओंडका भट्टीच्या तोंडात गेला आणि मगच सत्यवतीला बोट दुखल्याचं कळलं. उजव्या तर्जनीवर रक्ताचा थेंब होता. ढिगातून ओंडका ओढताना काहीतरी टोचलं होतं, आणि कोणी सुकी पानं चोळावीत तसा आवाज झाला होता. तिने पाहिलं नव्हतं. काही असलंच, तर ते ओंडक्याबरोबर आत गेलं होतं.

पलीकडे जॉयसी भट्टीच्या भोकातून आगीचा रंग बघत होती. मसुरे गावातला हा स्टुडिओ तिचा. पावसाळाभर तिने घडवलेली सगळी मातीची भांडी आत होती, आणि आग सांभाळायला दरवेळेसारखी सत्यवती.

"काकी, भट्टी रुसली गो. खाता खूप, पण तापणा नाय."

"मगे ती माझ्या घोवाची भयण."

नवऱ्यावरच्या ह्या टोमण्याला जॉयसी हसली. सत्यवतीने बोट पदरात गुंडाळलं. काटा असेल. पण लाकूड इथल्या आकेशियाचं होतं, त्या जातीला काटे नसतात. मग सल असेल. आग आत्ता थांबवली तर भांडी कच्ची राहतील, तडकतील. आणि सांगायचं तरी काय, जे दिसलंच नाही ते?

ती डाव्या हाताने लाकडं घालू लागली. प्रत्येक ओंडका आधी पायाच्या टोकाने ढकलायची, थांबायची, मग उचलायची. भट्टीसमोर उभी असून तिच्या पाठीला थंड घाम सुटला होता. पदर सोडून पाहिला तर चिंब लाल. बोट सुजून गुळगुळीत झालं होतं.

"बाय, रगात थांबना नाय."

जॉयसीने वळून पाहिलं. "काय चावला?"

"ठाऊक नाय. फुरसा असतला."

"आणि तू आदी कित्याक सांगूक नाय?"

"भट्टी कोण बघतलो?"

"मरांदे ती भट्टी. चल, गाडीत बस."

तालुक्याच्या दवाखान्यात नम्रता नावाच्या नर्सने विचारलं, "साप बघितलात का?"

"नाय."

"ते लाकूड कुठे आहे?"

"भट्टीत घातलंय."

नम्रताने तिचं रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत सोडलं आणि नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली. "फुरशाचं विष असेल तर रक्त गोठत नाही. वीस मिनिटं थांबायचं. नळीला हात लावायचा नाही."

भट्टीत काय चाललंय ते सत्यवतीला रंगावरून कळे. इथे काचेतून सगळं दिसत होतं आणि काहीच कळत नव्हतं. रक्त तळाशी काळसर दिसलं की तिला वाटे, गोठलं. उजेड जरा हलला की पुन्हा लाल. शिपायाने खुर्ची ओढली, टेबल थरथरलं.

"हळू रे," ती म्हणाली. जॉयसीने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

नम्रताने नळी उचलून तिरकी केली. रक्त काचेवरून पाण्यासारखं खाली आलं. कोणी काही बोलायच्या आधी सत्यवतीला कळलं होतं. तिने पाय जवळ घेतले.

नम्रताने डॉक्टरांना हाक मारली आणि परत येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भियाव नको गो. औषध आसा आमच्याकडे." सूज मनगटापर्यंत आली होती. "ह्या हातातल्या बांगड्या काढायला हव्यात. फोडू?"

"फोडू नको. घोव आसा माझो."

जॉयसीने साबण आणला. हिरव्या बांगड्या एकेक करून सुजलेल्या हातावरून सरकवल्या. प्रत्येक बांगडी हाडापाशी अडायची. सत्यवती भिंतीकडे बघत राहिली. ठेवायला जागा दिसेना, तेव्हा जॉयसीने त्या आपल्याच हातात चढवल्या. सलाईन सुरू झालं. थेंब पडू लागले, आणि जॉयसी शेजारी बसून राहिली, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात न हलवता.