ओल्या फडक्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना, पंचावन्न इंची टीव्ही आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. तुमच्यात पाच वर्षांचं मूल बालवाडीत जातं, आमच्यात मात्र पाच वर्षांच्या टीव्हीला लोक म्हातारा म्हणतात. आज मला खोक्यात घालून गाडीत ठेवलं आहे. माझ्या जागेवर नवा टीव्ही आला आहे. पण मी रुसलेलो नाही. उलट आज मी फार खुशीत आहे. का, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो. कुणी माझ्या पाठीत दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या, कुणी त्यावर काच बसवली, कुणी स्क्रू आवळले. शेवटी एका बाईने मला चालू करून लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवायला लावले आणि माझ्यावर 'तपासले' असा कागद चिकटवला. त्या कागदाचा मला फार अभिमान होता.

दुकानात मी भिंतीवर टांगलेला असताना एक आजोबा आणि आजी आले. आजोबा वजनमापं तपासणारे सरकारी अधिकारी. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू आणि वजनं तपासली होती. काटा खरा असला तर शिक्का, खोटा असला तर जप्त. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना 'काटेसाहेब' म्हणत. आजींना अलीकडे कमी दिसायचं. म्हणून त्यांना मोठा पडदा हवा होता.

विक्रेत्याने विचारलं, "वाढीव वॉरंटी घ्यायची का? एकाच्या ऐवजी पाच वर्षं."

आजोबा म्हणाले, "वस्तू चांगली असेल तर जास्तीचा कागद कशाला? आणि वाईट असेल तर वस्तूच कशाला?"

आजी म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा चांगले आहात की. तरी दरवर्षी डॉक्टरकडे नेतेच ना मी?"

विक्रेता तोंड फिरवून हसला. कागद घेतला गेला.

त्यांच्या घरात मला बैठकीच्या खोलीत, बाल्कनीसमोरच्या भिंतीवर जागा मिळाली. मित्रांनो, ती चार वर्षं माझ्या कामाची खरी वर्षं. आजोबांना बातम्या लागत. आजींना समुद्रातले प्राणी आवडत. त्या प्राण्यांशी त्या बोलत. एकदा ऑक्टोपस दिसला तर म्हणाल्या, "अगं बाई, आठ हात! मला नुसते चार असते तरी दुपारी झोपले असते." त्यांची नात यायची, तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसत नसे. पण माझ्यासमोर तीसुद्धा बसायची.

आणि रोज सकाळी बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालून झालं की आजी एक मऊ फडकं ओलं करत, घट्ट पिळत आणि मला पुसत. वरून खाली, सावकाश, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

आजोबा पेपरातून डोकं काढून म्हणत, "ओलं फडकं नको. पुस्तिकेत लिहिलंय."

"ओलं कुठाय? दमट आहे."

"दमट म्हणजे ओलंच."

"मग तुम्ही पुसा की कोरड्याने."

यावर आजोबांचं डोकं परत पेपरात जाई. हे रोजचंच होतं.

चौथ्या वर्षी एक दिवस माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात अंधार झाला. चित्र होतं, पण तेवढ्या भागात काळोख. आजोबा ताडकन उठले. "झालं! सांगत होतो की नाही? गेलं पाणी आत."

आजींच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की पाणी आत आलेलंच नाही. माझ्या पोटात काय जळलं ते मला ठाऊक होतं. पण काय करू? मला आवाज मोठा होता, तरी त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

आजी म्हणाल्या, "कंपनीला फोन करून बघू या का?"

"पाण्याने बिघडलेलं बदलून देत नाहीत. कागदावर स्पष्ट लिहिलंय. विचारलं तर काय सांगणार? खोटं?"

फोन राहिला. सगळ्यांनी त्या काळ्या कोपऱ्याची सवय करून घेतली. भिंगरी त्याला खड्डा म्हणायची. बातम्या देणारा माणूस डावीकडे सरकला की ती ओरडायची, "पडला, पडला!" सामन्याचे आकडे नेमके त्याच कोपऱ्यात येत, म्हणून आजोबा बाल्कनीतून शेजारणीला विचारत, "किती झाले?" घरी कुणी पाहुणा आला की आजोबा म्हणत, "आमच्याकडे टीव्हीलाही रोज अंघोळ असते." पाहुणे हसत. आजीही हसत. पुढे पुढे हा विनोद सुरू झाला की आजींना चहा टाकायची आठवण होई आणि त्या आत जात. आजोबांची पाठ तिकडे असे. मला मात्र भिंतीवरून सगळं दिसे.

मग आजी आजारी पडल्या. दीड महिन्यात गेल्या.

त्यानंतरचे आठ महिने माझे हालच झाले. अंधार वाढत वाढत अर्ध्या पडद्यावर आला. माझ्यावर धुळीचा थर बसला. आजोबा मला चालू करत आणि माझ्याकडे न बघता बसून राहत. घरात आवाज असावा एवढंच त्यांना हवं होतं. समुद्रातले प्राणी लागले की मात्र ते मला बंद करत.

एका रविवारी त्यांची मुलगी आली. कपाट आवरताना तिला माझा कागद सापडला. "बाबा, याची वॉरंटी अजून आहे! अकरा दिवस उरलेत. आत्ताच फोन करू."

"नको."

"का नको? अर्धा टीव्ही काळा पडलाय. माणसं कमरेपर्यंतच दिसतात."

"पाण्याने बिघडलाय. ते विचारतील."

"विचारलं तर म्हणा, आठवत नाही."

"मी? तीस वर्षं दुकानदारांना खोटं बोलू नका म्हणून सांगत फिरलो मी."

"मग खरं सांगा. नाही दिला तर नाही दिला. काय जाणार आहे आपलं?"

आजोबा हळूच म्हणाले, "ते लिहून घेतात गं. फॉर्मवर. ती गेली, आणि आता मी एका परक्या माणसाला सांगू की हिने बिघडवला? कागदावर तिची चूक लावू?"

तेव्हा मला कळलं की त्यांना माझी काळजी नव्हतीच. नव्या टीव्हीचीही नव्हती.

पण मुलगी आईवर गेली होती. तिने फोन लावलाच. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा. मग बावीस मिनिटं नुसती धून वाजली आणि भिंगरी त्या धुनेवर खोलीभर नाचली. शेवटी एक आवाज आला, "टीव्ही चालू करून बघितलात का?"

मुलगी म्हणाली, "नाही हो, आम्ही तो टेबल म्हणून वापरतो."

पलीकडचा माणूसही हसला आणि त्याने गुरुवारी मेकॅनिक पाठवतो म्हणून सांगितलं.

गुरुवारी मेकॅनिक आला. आडव्या अंगाचा, मिश्या पांढऱ्या होत आलेला, खांद्यावर पिशवी. आल्या आल्या त्याने फॉर्म काढला. "काका, याला कधी पाणी लागलंय का?"

खोलीत सगळे थांबले. मुलगी वडिलांकडे बघत होती.

"हो," आजोबा म्हणाले. "रोज ओल्या फडक्याने पुसला जायचा."

"कोण पुसायचं?"

"मी," आजोबा म्हणाले. "मीच पुसायचो."

मित्रांनो, माझा कानांवर विश्वास बसेना. काटेसाहेब खोटं बोलले! तेही फॉर्मवर!

मेकॅनिकने पेन खाली ठेवलं. "कसं पुसायचात, दाखवा जरा. पाणी कुठून गेलं असेल ते कळेल."

आजोबा उठले. मुलीने फडकं आणून दिलं. त्यांनी ते मुठीत गोळा केलं आणि माझ्या काचेवर गोल गोल घासायला लागले. तवा घासतात तसं. मी भिंतीवर हलायला लागलो.

मेकॅनिक पोट धरून हसला. "काका, थांबा, थांबा! तुम्ही जन्मात काही पुसलेलं नाही."

मुलीलाही हसू आवरेना. "बाबा, टीव्ही आहे तो, परात नव्हे!"

आजोबा हातात फडकं घेऊन उभेच राहिले. कान लाल झाले होते. शेवटी म्हणाले, "बायको पुसायची माझी. पण तिचं नाव लिहू नका."

मेकॅनिक हसायचा थांबला. त्याने मला चालू केलं, पिशवीतून टॉर्च काढला, भिंगरीला दिवा बंद करायला सांगितला आणि माझ्या काळ्या भागावर उजेड मारला. "या, जवळ या काका. काय दिसतंय?"

"अंधुक... चित्र दिसतंय."

"म्हणजे काच ठणठणीत आहे. मागचे दिवे गेलेत." मग त्याने मला उतरवून पालथं झोपवलं आणि पाठीचं झाकण काढलं. बोट ठेवून दाखवलं. "ही पट्टी जळली. तिच्यामुळे वरची जळली, मग तिच्या वरची. पाण्याने बिघडला असता तर इथे खाली गंज दिसला असता. एक डाग तरी आहे का? या लॉटच्या पट्ट्याच कच्च्या होत्या. याच महिन्यातला हा माझा चौथा टीव्ही."

"म्हणजे फडक्याने नाही?"

"फडक्याचा काही संबंध नाही. उलट पाच वर्षांत आत धुळीचा कण नाही बघा. काकूंनी जपला होता याला. या पट्ट्या आता मिळत नाहीत, म्हणजे तुम्हाला नवीनच टीव्ही मिळणार."

भिंगरीने उड्या मारल्या. पण नव्या टीव्हीचं आजोबांच्या कानात शिरलंच नव्हतं. ते म्हणाले, "लिहून द्या."

"देतोय की. बदलून द्यावा, असं लिहितो."

"ते नव्हे. फडक्याने बिघडला नाही, असं लिहा."

"काका, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"खाली शेरा आहे ना? तिथे लिहा. सही करा."

मेकॅनिकने त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ओल्या फडक्याने बिघाड झालेला नाही. कारखान्यातील दोष.' खाली सही, तारीख.

तो गेल्यावर आजोबा तो कागद घेऊन खुर्चीत बसले. "एकाही दुकानदाराचा काटा मी न तपासता खोटा ठरवला नाही," ते मुलीला म्हणाले. "आणि घरात नुसतं बघून सांगितलं."

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग आजोबांनी फोनची वही मागितली. ज्या ज्या पाहुण्यांना त्यांनी अंघोळीचा विनोद सांगितला होता, त्यांना एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "टीव्ही हिने बिघडवला नव्हता. तपासून घेतलंय. माझ्याकडे लेखी आहे." पलीकडच्या लोकांना आधी काही समजत नसे. आजोबा पहिल्यापासून सांगत. टॉर्चसकट.

शेवटचा फोन आजींच्या धाकट्या बहिणीला होता. तिचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसे.

"काय भावोजी, आज कशी आठवण झाली?"

"तुझ्या ताईने टीव्ही बिघडवला नव्हता."

"ते मला माहीत आहे. तिला पण माहीत होतं."

"तिला?"

"मला म्हणाली होती. माझा हात मला ठाऊक आहे, म्हणाली. पण यांना चारचौघांत एकच विनोद जमतो, तोही मोडून टाकू का?"

आजोबांनी हातातला कागद गुडघ्यावर ठेवला.

"आणि ऐका भावोजी, तो विनोद तुम्ही किती मोठ्याने सांगायचात! आता हे असं पुटपुटून चालायचं नाही. सांगा तेवढ्याच मोठ्याने."

आजोबा बाल्कनीत गेले. घसा खाकरला आणि ओरडले, "माझ्या बायकोने टीव्ही बिघडवला नाही!"

शेजारीण धावत बाहेर आली. "अहो, काय झालं?"

मग आजोबांनी तिलाही सगळं सांगितलं. सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि खरं सांगतो, डोळेसुद्धा त्यांना धड पुसता येत नव्हते.

मुदत संपायला दोन दिवस असताना नवा टीव्ही आला. माझ्याएवढाच उंच, पण जरा सडपातळ. त्याला लावल्यावर पहिल्यांदा काय बघायचं म्हणून भिंगरीने विचारलं. आजोबा म्हणाले, "समुद्र लाव." मला खोक्यात घालेपर्यंत मी बघत होतो. आजोबा पूर्ण कार्यक्रमभर बसले होते.

माझी काच अजून चांगली आहे. ती म्हणे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. मला आनंदच आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. कोरड्या फडक्याने पुसा, पुस्तिका वाचा, वॉरंटीचा कागद सापडेल अशा जागी ठेवा. पण आम्ही कधीतरी बिघडणारच. तेव्हा लगेच घरातल्या कुणाच्या हाताकडे बोट दाखवू नका. आधी मागचं झाकण उघडून बघा. आणि तो माणूस घरात असतानाच बघा.