चिमट्याचं पान

शिवणवाल्या आजींनी पान शेवटपर्यंत वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान टिटवीच्या हातात परत दिलं.

"छान लिहिलंयस. पण हा कोण?"

"तुमचा भाऊ, आजी."

"माझा भाऊ? हा?" त्यांनी पान पुन्हा ओढून घेतलं. "मनमिळाऊ, आज्ञाधारक, अभ्यासात हुशार. असा मुलगा आमच्या घरात असता, तर शेजाऱ्याचा चुकून इकडे आलाय म्हणून आईने परत पाठवला असता."

टिटवीच्या वर्गातला लांब्या फिस्सकन हसला. टिटवीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूट खिडकीबाहेर बघायला लागला.

टिटवी हे काही तिचं नाव नव्हे. वर्गात वाद सुरू झाला, की तिचा आवाज चढत चढत छताला टेकायचा, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. यंदा इतिहासाच्या मॅडमनी वरच्या वर्गाला प्रकल्पाचा विषय स्वतः निवडायला सांगितला, तेव्हा बाकीच्यांनी किल्ले निवडले, नाणी निवडली. टिटवीने निवडली नदीपलीकडची वस्ती, आणि लांब्याला न विचारता जोडीला घेतलं. पाठ्यपुस्तकात त्या वस्तीला एक ओळ होती: त्या हिवाळ्यात तेथील लोक स्थलांतरित झाले. खरं म्हणजे त्या हिवाळ्यात वस्तीतली माणसं, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, दगडाच्या खाणीत नेऊन मारली होती. बाहेरच्या पुस्तकांत याला वंशसंहार म्हणतात. गावात तो शब्द नुसता निघाला तरी लोकांना खोकला यायचा.

दोघं सायकली घेऊन गावातल्या एकूण एक म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन आले होते. सगळीकडे चहा मिळाला आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं. ते लोक? ते निघून गेले. ओळख? छे, आमचा काय संबंध! जणू नदीच्या त्या काठाला कोणी राहतच नव्हतं आणि पूल उगाच हौस म्हणून बांधला होता.

एकट्या शिवणवाल्या आजी बोलल्या. त्या वस्तीतल्याच, पण त्या हिवाळ्यात नदीच्या अलीकडे, गावातल्या एका शिंपिणीकडे काम शिकत होत्या. शिंपिणीने दुकानाला आतून कडी घातली आणि पोरीला कापडाच्या ताग्यांमागे लपवलं, म्हणून त्या उरल्या. घरातलं बाकी कोणी उरलं नाही. आईवडिलांबद्दल त्या बोलल्या. भावाबद्दल मात्र पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, की माझ्याहून थोरला होता, तुझ्याच वयाचा. आणि पुन्हा मशीनवर वाकल्या. मग उरलेलं टिटवीने आपल्या मनाने भरलं. मेलेल्या माणसाबद्दल जसं भरतात तसं, चांगलंचुंगलं.

मॅडमचा एक नियम होता. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्या घरच्यांनी वाचून हो म्हटल्याशिवाय एक अक्षरही सभागृहात वाचायचं नाही. वस्तीतल्या बाकीच्यांचे नुसते आकडे होते, तेही कोणी मान्य करत नव्हतं. वर्गाला आपल्यातला माणूस वाटावा असा एवढा एकच मुलगा हाताशी होता. आजी नाही म्हणाल्या, तर तोही गेला.

"मग कसा होता तो?" टिटवीने विचारलं.

आजींनी सुईत दोरा ओवला. दोन वेळा हुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला.

"चोर होता," त्या म्हणाल्या. "चिमट्या म्हणायचे त्याला. डोळ्यांसमोरची वस्तू उचलायचा आणि आपल्यालाच शोधायला मदत करायचा. खोटं तर असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. आणि इथे काय लिहिलंयस, आईला वाचवायला मागे धावला? नाही धावला. तो पळत होता. शेतातून पळताना गाठला त्याला आणि खाणीत नेला. पळत होता ते बरोबरच होतं. पळायलाच हवं होतं त्याने."

टिटवीने पेन उघडलं आणि काही न लिहिताच मिटलं.

त्याच दिवशी जेवताना तिच्या वडिलांनी प्रकल्पाचा विषय काढला, आणि थोरल्या काकांनी घास हातातच धरून मान हलवली.

"लिहा, लिहा. पण हेही लिहा म्हणावं, की ते लोक चोर होते. वाळत घातलेला कपडा राहायचा नाही दोरीवर. आमचे वडील सांगायचे."

"म्हणून मारायचं, काका?"

"मी कुठे म्हणतोय मारायचं? आणि मारलं कोणी? गेले ते."

आई म्हणाली, "जेवताना नको." टिटवी ताटावरून उठली. तिला काकांचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग येत होता तो आजींचा. काकांना हवं ते आजी आयतं हातात द्यायला निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि नवीन पान पुढे ठेवलं. हुशार काढलं होतं, आज्ञाधारक काढलं होतं. त्या जागी एकच शब्द होता, खोडकर.

"खोडकर मांजरीचं पिल्लू असतं," आजी म्हणाल्या. "चोर लिही."

"आजी, नाही लिहिता येणार. तुम्हाला माहितीये लोक काय म्हणतात. सगळे टपूनच बसलेत. तुमच्याच तोंडून चोर ऐकलं, की म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय! तुम्हाला नाही फरक पडत, पण मला..." आवाज चढत होता. समोरच्या दुकानातून कोणीतरी डोकावलं. "मला ते सिद्ध करायचंय ना! की त्याची काही चूक नव्हती!"

आजींनी मशीनवरून पाय काढला.

"म्हणजे तो गुणी असता, तरच त्याला मारायला नको होतं. असंच ना?"

टिटवी तोंड उघडून तशीच राहिली. वादात तिचं असं कधी झालं नव्हतं. उत्तर सुचेना असं नव्हे. उत्तर होतं, पण ते काकांच्या उत्तराच्या इतकं शेजारी बसलेलं होतं, की तिला ते बोलायची शरम वाटली.

"मी त्याच्याशी भांडायचे रोज," आजी म्हणाल्या. "त्या सकाळीसुद्धा भांडून निघाले. तो तुझ्या कागदातला शहाणा मुलगा मला नको. मी त्याच्याशी कधी भांडलेच नाही. मी कोणासाठी रडू मग?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. टिटवीच्या होतं. तिने ते मनगटाने पुसलं, पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"सांगा. पहिल्यापासून."

मग चिमट्या हळूहळू पानावर उतरला. वर्गातला खडू खिशात घालून गुरुजींनाच खडू शोधायला लावणारा. बहिणीच्या वेणीची रिबीन काढून तिलाच पुन्हा भेट देणारा. गाता गळा नाही आणि गायचं थांबवत नाही असा. लांब्या यायला लागला, आणि कधी कधी तिघं इतकं हसत, की आजींचं काम राहून जाई. टिटवीने प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, आजींनी नाही म्हटलं की खोडलं, पुन्हा लिहिलं. खाणीबद्दलची वाक्यं तिने सगळ्यात साधी ठेवली. कोणी नेलं, कुठे नेलं, काय केलं. तिथे एकही शब्द तिने मऊ केला नाही.

मॅडमनी पान वाचून टेबलावर ठेवलं.

"सगळ्यांसमोर वाचशील? घरचे असतील."

"वाचीन."

"आणि तुझे काका?"

"पहिल्या रांगेत बसवते त्यांना."

सभागृह भरलं होतं. किल्ले झाले, नाणी झाली, टाळ्या झाल्या. टिटवी माइकपाशी उभी राहिली तेव्हा आवाज ठिकाणावर होता. आजी भिंतीजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. तिने पहिलं वाक्य वाचलं. "चिमट्या चोर होता."

काकांनी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं. मागे कुजबुज झाली. ती वाचत राहिली. खडूपाशी एक शाळकरी पोर हसलं, मग त्याची आई हसली. गाण्यापाशी आणखी काहीजण हसले. मग खाण आली, आणि हसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. शेवटचं वाक्य होतं, "तो सोळा वर्षांचा होता आणि त्याला मारायला नको होतं." कोणी टाळी वाजवली नाही. तिने पान खाली केलं.

"माझा बूट!"

सगळे मागे वळले. सायकल दुरुस्तीवाले म्हातारे उभे राहिले होते. यांच्याकडेही दोघं जाऊन आले होते, चहा पिऊन आणि 'आमचा काय संबंध' ऐकून आले होते. आता ते बोट रोखून, अगदी तावातावाने बोलत होते.

"माझा बूट नेला होता त्या चिमट्याने! उजवा! एकच! फुटबॉलच्या सामन्याच्या सकाळी. गोलात मी एका पायात बूट घालून उभा होतो, सगळं मैदान हसत होतं मला!"

सभागृहही हसलं. म्हातारेही हसत होते. टिटवीचं लक्ष आजींकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण मागे वळल्या होत्या, मांडीवरची पिशवी खाली पडली होती आणि ती उचलायचंही त्यांना सुचलं नव्हतं. भावाची इतक्या वर्षांत एकही नवी गोष्ट त्यांच्यापर्यंत आली नव्हती.

"मला नव्हतं हे माहीत," त्या म्हणाल्या. "कुठे लपवला होता?"

"पाण्याच्या टाकीवर. संध्याकाळी आम्हीच दोघं चढलो काढायला."

"तो? टाकीवर? त्याला उंचीची भीती वाटायची."

"वाटायचीच तर! उतरताना डोळे मिटून घेतले पठ्ठ्याने. खालपर्यंत माझा हात धरून..."

म्हातारे थांबले. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती. त्यांनी बसण्यासाठी खुर्चीची पाठ चाचपली.

"आणि मग?" आजींनी विचारलं.

टिटवीने माइक दांडीवरून सोडवला आणि पायऱ्या उतरून ती म्हाताऱ्यांकडे निघाली.