तीन मेणबत्त्या

विजयश्रीबाईंनी ताटलीतल्या पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घातला. मेणबत्ती विझली आणि ताटलीतलं रंगीत पाणी ग्लासात चढलं.

"ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली. झालं! उद्या हेच," म्हणत त्या स्टुलावर टेकल्या.

सकाळपासूनचे तास, वर मतदारयाद्यांचं काम. पाय नुसते भरून आले होते. भोसरीतल्या या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवून उद्या शिक्षण परिषदेत चाळीस शिक्षकांपुढे हा पाठ घ्यायचा होता. नाव राखायचं होतं. सरावाला सोबत उत्कर्षा होती. जूनमध्येच शिक्षिका म्हणून रुजू झालेली, पण एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी.

"मॅडम, मेणबत्त्या वाढवल्या तर?"

"आता आणखी काय? माझी निगडीची बस जाईल गं बाई."

पण उत्कर्षाने तोवर तीन मेणबत्त्या लावल्याही होत्या. वर तोच ग्लास. तो टेकवताना कडेने बुडबुडे फुटले. ज्योती विझल्या आणि पाणी चढतच गेलं, मघाच्या दुप्पट.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी जास्त कसं?

"हवा तापून बाहेर निसटते," उत्कर्षा हळूच म्हणाली. "उरलेली थंड झाली की आकसते, म्हणून पाणी चढतं."

बावीस वर्षं! किती पोरांच्या वह्यांत याच चुकीवर लाल पेनाने 'छान' लिहिलं असेल! बाईंना लाज वाटली आणि रागही आला.

"तुला ठाऊक होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

उत्कर्षा ताटलीवर सांडलेलं मेण नखाने खरवडत राहिली. बाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांचा आवाज उतरला.

"आठवीत असताना तू हेच विचारलं होतंस ना?"

"हो, मॅडम."

"मी काय म्हणाले होते?"

"खाली बस म्हणाला होतात."

बस केव्हाच गेली असणार. बाईंनी ताटलीतलं पाणी मोरीत ओतलं, नवं भरलं.

"उद्या मी नेहमीसारखंच शिकवणार. एक मेणबत्ती, ऑक्सिजन, सगळं तसंच."

उत्कर्षाने चमकून वर पाहिलं.

"तू मागच्या बाकावर बस. मग सगळ्यांदेखत उठून विचार," त्यांनी काडेपेटी तिच्या हातात दिली. "आणि मी खाली बस म्हणाले, तरी बसू नकोस."