माझ्यावर लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, जेमतेम वीतभर. बँकेत मला नॉमिनेशनचा फॉर्म म्हणतात. खातेदाराच्या मागे त्याची ठेव कोणाला द्यायची, ते नाव माझ्यावर असतं.

एका तरुण फिटरने मला भरलं. त्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून त्याने धाकट्या भावाचं नाव घातलं. त्याच्या बोटांचं ग्रीस अजून माझ्या कोपऱ्याला आहे. मग मी पोलादी कपाटात गेलो तो गेलोच. लोक पासबुक जिवापाड जपतात, मला कोण विचारतो?

बाहेर फिटरचं लग्न झालं. पुढे भावाशी बिनसलं आणि बोलणंही तुटलं. म्हातारपणी त्याने वकिलाकडून मृत्युपत्र केलं आणि सगळं बायकोच्या नावे लिहिलं. मी मात्र त्याच्या ध्यानातच राहिलो नाही.

तो वारला. बायको मृत्युपत्र घेऊन बँकेत आली. शिवणकाम करून तिचे डोळे अधू झाले होते, आता ही ठेवच तिचा आधार होती. ते शिक्के मारलेलं जाडजूड मृत्युपत्र पाहून मी दबूनच गेलो. पण मॅनेजरबाईंनी मला बाहेर काढलं आणि सांगितलं की नियमाप्रमाणे पैसे फॉर्मवरच्या माणसालाच मिळतील. मी थक्क झालो. एवढासा मी, आणि माझ्यात एवढं बळ! त्या बाईचा उतरलेला चेहरा पाहून मला त्या बळाची भीतीही वाटली.

तिच्या दिराला बोलावलं. त्याने मला बराच वेळ वाचलं.

"वहिनी, आमचं पटत होतं तेव्हा त्यानं हे लिहिलंय," तो म्हणाला. "पैसे तुमचेच आहेत. माझ्याकडे आले की लगेच तुमच्या खात्यात टाकतो."

मग त्याने स्वतःचा फॉर्म काढायला सांगितला. तो माझ्याच कपाटात होता. त्यावर थोरल्या भावाचं नाव होतं. सव्वीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि दोघांची नावं आम्ही आत सांभाळून बसलो होतो. वहिनींना रडू आवरेना.

मित्रांनो, असा दीर प्रत्येकीच्या नशिबी नसतो. लग्न, भांडण, मरण, आम्हा कागदांना यातलं काहीच कळत नाही. घरात काही बदललं, नवं मृत्युपत्र केलं, तर आमच्यावरचं नावही एकदा बघा, असं घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा.

त्या दिराने तिथेच नवा फॉर्म भरला. जुन्या फॉर्मवरचं भावाचं नाव मात्र त्याच्याने खोडवेना. शेवटी मॅनेजरबाईंनीच त्यावर रेघ मारली.