कॉम्प्रेसरशेजारची जागा

मालक एका शनिवारी कुठल्याशा शिबिराला गेले आणि सोमवारी देवमाणूस होऊन परत आले. तिथंच घात झाला.

कवळ्या बनवायचा कारखाना होता त्यांचा. कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि सात माणसं. दातांच्या डॉक्टरांकडून बोळक्या तोंडांचे छाप यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या हिरडीत एकेक दात रोवायचा. हे शेवटचं काम घुमीचं. अकरा वर्षांपासून. लहानपणी तोंडातून शब्द काढत नसे म्हणून घरात घुमी नाव पडलं, ते तिच्या मागोमाग कारखान्यापर्यंत आलं. तिच्या हातचे दात बघून पेशंटचे नातेवाईक विचारायचे, हे खरंच काढून ठेवता येतात?

बसायची कुठं, तर कॉम्प्रेसरच्या शेजारी. ती जागा दुसऱ्या कोणाला फुकट दिली तरी नको असायची. कॉम्प्रेसर म्हातारा, कुठंतरी हवा सोडणारा, त्यामुळे दिवसभर ढगढगत असायचा. पलीकडे प्लास्टर घासायचं चाक. घुमी त्या गोंगाटात थंडीत दुलई ओढून बसावं तशी बसायची. तिच्या हातातली सुरी कधी अडखळली नाही.

शिबिरात कोणा बाईंनी मालकांना सांगितलं की स्वमग्न माणसांना आवाज सहन होत नाही. शब्दही काय शोधलाय, स्वमग्न! जणू माणूस स्वतःवरच खूश होऊन बसलाय. तर मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अकरा वर्षं मी या पोरीला नरकात बसवलं," म्हणाले. पोरीला विचारलं नाही. ज्याचं भलं करायचं त्याला विचारायचं नसतं, हा नियमच आहे जगाचा.

मागची सामानाची खोली त्यांनी रिकामी केली. भिंतींना फोम, दाराला रबर, पंखासुद्धा काढला. आत दोन टेबलं मांडली. एक घुमीचं, दुसरं लंबूचं. लंबू दोन-चार दातांच्या अर्धवट कवळ्यांच्या तारा वाकवायचा, पूर्ण उंचीचा आणि अर्ध्या शब्दांचा माणूस. त्याच्याकडेही घुमीसारखाच स्वमग्नतेचा डॉक्टरी कागद होता. कागद एक म्हणजे माणूस एक, झालं!

लंबूनं आत आल्या आल्या कानांतले कापसाचे बोळे काढले. वर्षानुवर्षांचे. खुर्चीत असा बसला की जणू कोणी डोक्यावरून पोतं उतरवलं.

घुमीच्या डोक्यावर मात्र तेच पोतं आलं. शांतता तिला कधी रिकामी वाटलीच नव्हती. शांततेत सगळं उघडं पडायचं. ट्यूबलाइटची बारीक किणकिण. गिळलेली थुंकी. लंबूच्या पकडीचा टक्. टक् झालं की ती पुढच्या टक् ची वाट बघत बसायची आणि सुरी मेणावर तशीच अधांतरी.

ती पाय आपटू लागली.

"पाय," लंबू म्हणाला.

"काय?"

"थांबव."

मग ती ओठ मिटून हंऽऽ करू लागली. लंबूनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तुझ्या हंऽऽनं माझ्या दातांत कळ येते."

"बदलून घे. दातांना काय तोटा आहे इथं?"

लंबू हसला नाही. तो कानांवर हात ठेवून बसला तेवढ्या वेळात एकही तार वाकली नाही. ते घुमीला दिसलं आणि तिनं हंऽऽ गिळलं. मग उरली नुसती शांतता.

तिसऱ्या आठवड्यात एका शिक्षिकेच्या कवळीचं मेण डॉक्टरांकडून परत आलं. डावा सुळा उजवीकडे, उजवा डावीकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा. घुमीनं ते हातात घेतलं आणि तिच्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं म्हणाले, "घुमे, तुला ताण झेपत नाहीये. सोमवारपासून पॅकिंगला बस. पगार तोच."

पॅकिंग म्हणजे डबीत कवळी घालायची आणि वर चिठ्ठी चिकटवायची. दुसऱ्यानं रोवलेले दात.

संध्याकाळी ती घरी जेवली नाही. वहिनीनं काही विचारलं नाही, वॉशिंग मशीन लावलं. आत एक कपडा नव्हता. घुमी आजारी पडली किंवा रडवेली झाली की वहिनी हेच करायची. दादा विजेच्या बिलावरून कुरकुरायचा, वहिनी त्याला वाटेला लावायची.

मशीन घुमायला लागलं तशी घुमी बोलू लागली. सगळं बोलली.

"आणि तू काय म्हणालीस मालकांना?"

"काही नाही."

"घरी माझ्याशी कणकेच्या डब्यावरून तासभर भांडतेस. तिथं काय दातखीळ बसते का गं?"

"ते चांगले आहेत वहिनी."

"चांगल्यांशीच भांडायचं असतं. वाईटांना समजावून काय घंटा फरक पडतो!"

सकाळी घुमी सगळ्यांच्या आधी पोचली. टेबल ओढायला लागली तर पलीकडची बाजू आपोआप उचलली गेली. लंबू. दोघांनी टेबल कॉम्प्रेसरशेजारी आणून ठेवलं. लंबू मागं फिरला, आत गेला आणि रबरी दार ओढून घेतलं.

मालक आले तेव्हा कॉम्प्रेसर ढगढगत होता आणि शिक्षिकेचे वरचे चार दात नव्यानं लागले होते.

"अगं, इथं कुठं? पुन्हा त्रास होईल तुला!" मालकांना ओरडावंच लागलं.

"त्रास तिथं होत होता. मला शांतता चावते मालक."

"पण त्या बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्यांना—"

"त्या बाईंनी मला बघितलंय? तुम्ही बघताय अकरा वर्षं. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात कोंबाल का? माप घ्याल ना आधी?"

इतकी वाक्यं तिनं मालकांसमोर सलग कधी बोलली नव्हती. मालकांनी रबरी दाराकडे बोट केलं.

"मग हा लंबू? त्यालापण आणायचं का बाहेर?"

रबरी दार बोटभर उघडलं. "मी मरेन," आतून लंबू म्हणाला आणि दार बंद झालं.

मालक खुर्चीत बसले. फोमचे पैसे आठवले असतील, बाई आठवल्या असतील. शेवटी म्हणाले, "हे दुपारपर्यंत झालं आणि नीट झालं, तर बस इथंच. नाही झालं तर सोमवारी पॅकिंग."

"साडेबाराला घ्या."

मग तिनं कोणाकडे बघितलं नाही. दिव्यावर सुरी तापवायची, मेण सोडायचं, दात टेकवायचा, बोटाच्या पेरानं कणभर आत. कॉम्प्रेसरचा आवाज सगळ्या फटी बुजवत होता. शेवटी उरले दोन सुळे. ते तिनं तळहातावर घेतले, उलटसुलट बघितले आणि बसवले.

सव्वाबाराला मालक भिंग घेऊन वाकले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चावा जुळवून बघितला. भिंग खिशात टाकलं.

"पॅकिंगला दुसरं कोणीतरी बघतो," म्हणाले.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला की शिक्षिका आरशासमोरून हलत नाहीत. मालक इतके खूश झाले की पुन्हा देवमाणूस होण्याच्या बेतात आले. बाजारातून रेडिओ घेऊन आले आणि घुमीच्या टेबलावर मोठ्यानं लावला.

"घे! तुला आवाज आवडतो ना!"

घुमीनं बटण बंद केलं. "यात माणसं बोलतात. बोलली की ऐकावं लागतं. कॉम्प्रेसर मला काही सांगत नाही."

"आता मीपण बोलायचं नाही का?"

"जेवणाच्या सुट्टीत बोला."

मालक रेडिओ काखेत मारून हसत निघाले, आणि लंबूच्या दारावरून जाताना पहिल्यांदाच चवड्यांवर चालले. घुमीनं नवा साचा पुढं ओढला. खालचा जबडा होता, अरुंद, कोणा हट्टी म्हाताऱ्याचा असावा. तिनं मेण तापवायला घेतलं.